सही खरी, सातबारा खोटा

कोणी साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जरा जास्त वेळ लावला, की ती घटना मला आजही आठवते आणि मी त्याच्याकडं रोखून बघत राहतो. घरच्यांना याचा त्रास होतो. ‘भाजी कोणती आणली एवढंच विचारलं, त्यात असं रोखून काय बघता,’ असं बायको म्हणते. सगळा जन्म खाकीत गेल्यावर माणूस शब्द कमी ऐकतो आणि चेहरा जास्त वाचतो. ही खोड आता चितेवरच जाईल. पण मी रोखून बघतो तो नुसत्या खोडीमुळे नाही. त्यामागं ते एक प्रकरण आहे.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. निवृत्ती जवळ आली होती. गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही, कारण काहीजण अजून नोकरीत आहेत आणि काहींची लेकरं शाळेत आहेत. धाड गावाच्या बाजाराला जाणाऱ्या जीपा आमच्या ठाण्यासमोरून जात, एवढं सांगितलं तरी पुरे. सकाळची हजेरी, स्टेशन डायरी, बांधावरची भांडणं, बाजारच्या दिवशी पाकीटमार, असा आमचा संसार. ‘सायबर’ हा शब्द कोणी उच्चारला की आम्ही त्याला जिल्ह्याच्या ठिकाणचा रस्ता दाखवत होतो आणि हात झटकून मोकळे होत होतो.

खबर आली ती एका अर्जनवीसाकडून. जमिनीच्या खरेदीखताची नोंदणी होते त्या कार्यालयासमोर टेबल मांडून तो लोकांचे अर्ज-दस्त लिहून देत बसायचा. आमच्या हवालदारांचा जुना ओळखीचा. दुपारी ठाण्यात आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “हवालदारसाहेब, आज एक दस्त झाला. रस्त्याला लागून असलेली जमीन. सातबारा म्या डोयानं पाह्यला, त्यावर भलत्याचंच नाव हाय. जमीन आपल्या चाचाची हाय, मले पक्कं ठाऊक हाय. चाचानं इकली असती तं पहिला पेढा मले भेटला असता.”

चाचा म्हणजे गावातले एक वयस्क मुसलमान शेतकरी. बाजारात लसणाचा व्यापार करायचे आणि उरलेला वेळ त्या जमिनीत घालवायचे. तिथली विहीर त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी स्वतःच्या हातांनी खणलेली. मी त्यांना बोलावून घेतलं. ते आले तेव्हा पायाला ओला चिखल होता.

“चाचा, जमीन विकली?”

“मी काऊन इकू साहेब? आत्ता तिथंच पानी देऊन आलो ना!”

मी कागद पुढं ठेवला. त्यांना वाचता येत होतं. त्यांनी तो दोनदा वाचला आणि जमिनीवरच बसले. खुर्ची द्या म्हणून मी ओरडलो, पण ते खुर्चीवर बसेनात.

गुन्हा नोंदवला आणि तपासाला लागलो. पहिल्याच दिवशी एक विचित्र गोष्ट समोर आली. महसूलच्या मूळ नोंदीत चाचांचंच नाव होतं. खरेदीच्या वेळी दिलेल्या सातबाऱ्यावर मात्र दुसऱ्याचं. म्हणजे तो सातबारा खोटा. पण त्यावरची तलाठ्याची सही खरी होती!

ज्यांना हा प्रकार माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आता तलाठी सातबाऱ्यावर पेनानं सही करत नाही. (तलाठी या पदाचं नावही आता बदललं आहे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात.) त्याच्याकडं पेनड्राइव्हसारखं एक यंत्र असतं. आमच्याकडं त्याला डोंगल म्हणतात. ते संगणकाला लावायचं, पिन टाकायचा, की डिजिटल सही उमटते. डोंगलच्या पोटात एक गुप्त आकडा असतो आणि त्या आकड्यावरूनच सही तयार होते. तो आकडा बाहेर येत नाही, खुद्द तलाठ्यालाही तो माहीत नसतो. सही खरी असेल तर संगणक हिरवी खूण दाखवतो. खरेदीच्या दिवशी मूळ नोंदीचा सर्व्हर बंद होता, आणि आपल्याकडं सर्व्हर बंद असणं ही काही बातमी नाही. तिथल्या कारकुनानं हिरवी खूण बघितली, सही कोणाची ते बघितलं आणि दस्त होऊ दिला.

सही आमच्याच हद्दीतल्या तलाठीबाईंची होती.

जमिनीचा मालक म्हणून जो उभा राहिला होता तो एक बाहेरगावचा इसम. त्याला आम्ही उचललं. त्याचं म्हणणं, फाईल आपल्या फोनवर आली, कोणी पाठवली ते ठाऊक नाही, आपण फक्त अंगठा दिला. तो फोन त्यानं पुलावरून नदीत टाकला होता. म्हणजे धागा तिथंच तुटला आणि आमच्या हातात उरली ती फक्त सही.

बाईंना नोटीस देऊन सकाळी बोलावलं, सोबत महिला अंमलदार बसवली. बाई पस्तिशीच्या, मूळच्या दुसरबीडकडच्या, बौद्ध कुटुंबातल्या. आमच्या भागात नोकरीची बरीच वर्षं गेल्यानं बोलणं इकडचंच झालेलं. वडील गावाचे कोतवाल, म्हणजे तलाठ्याच्या हाताखाली दवंडी देणारे, दप्तराचं गाठोडं डोक्यावर वाहणारे. ते गाठोडं त्यांनी उभ्या आयुष्यात वाहिलं, पण कधी उघडून बघायची त्यांना मुभा नव्हती. त्याच घरातली ही मुलगी परीक्षा देऊन तलाठी झाली. तिच्या गळ्यात काळ्या दोरीला डोंगल होता. मी मागायच्या आधीच तिनं तो काढून टेबलावर ठेवला.

“हा कोणाला वापरायला दिला होता?”

“नाही.”

“तुमच्या संगणक ऑपरेटरला?”

“नाही.”

“रजेवर असताना?”

“रजेवर असताना सही बंद राह्यते साहेब. लोक बोंबलतात, पन बंद राह्यते.”

“पिन कोणाकोणाला माहीत आहे?”

“मले.”

“घरी?”

“घरच्यायलेबी ठाऊक नाही. मी या सहीसाठी रात्रंदिवस अभ्यास केला साहेब. ते दुसऱ्याच्या हातात काऊन देऊ?”

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. नवीन फौजदार संशयिताचं उत्तर ऐकतो. जुना फौजदार उत्तराला किती वेळ लागला ते बघतो. खोटं बोलणाऱ्याला आधी खरं काय ते आठवावं लागतं, मग ते बाजूला सारावं लागतं, मग खोटं जुळवावं लागतं. त्यात पापणी लवण्याएवढा वेळ जास्त जातो. बाईंची उत्तरं माझा प्रश्न संपायच्या आत येत होती. बाई खरं बोलत होती, यात मला शंका उरली नाही.

खरं बोलणारा माणूस समोर बसला की पोलिसाला बरं वाटायला पाहिजे. मला उलट काळजी लागली. कारण तिच्या प्रत्येक ‘नाही’बरोबर तिच्या सुटकेचं एकेक दार बंद होत होतं. डोंगल कोणाला दिला नाही, पिन कोणाला सांगितला नाही, मग सही केली कोणी? उत्तर एकच निघत होतं. ती बाहेर गेल्यावर आमचे हवालदार म्हणाले, “साहेब, बाई एवढी खरी बोलून राह्यली की आपल्यालेच खोटं वाटून राह्यलं.”

मी शेजारच्या चार-दोन गावांतली कार्यालयं फिरून आलो. सगळीकडं डोंगल ऑपरेटरच्या टेबलाजवळ खिळ्याला टांगलेला. एका ठिकाणी तर पिन चिकटपट्टीवर लिहून डोंगललाच लावलेला, आणि तिथले तलाठीभाऊ मला हसून म्हणाले, “एवढे उतारे मी एकटा कुठं सही करत बसू साहेब?” या लोकांपैकी कोणाची सही खोट्या सातबाऱ्यावर निघाली असती, तर तो दुसऱ्या दिवशी सुटला असता. ‘कोणीही वापरलं असेल’ म्हणायला त्याला शंभर तोंडं होती. बाईला एकच तोंड होतं आणि ते खरं बोलत होतं.

वरच्या साहेबांचे फोन सुरू झाले. “सही तिची, यंत्र तिचं, पिन तिचा. अजून काय पाहिजे तुम्हाला? अटक करा.” साहेबांचं चुकत नव्हतं. पण सरकारी नोकर दोन दिवसांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबित धरला जातो, आणि पुढं निर्दोष सुटला तरी गावाच्या तोंडाला झाकण बसत नाही. एकदा कोठडीची पायरी चढली की त्या बाईचं सगळं संपणार होतं. इकडं चाचा रोज सकाळी येऊन ठाण्याच्या व्हरांड्यात बसायचे. आरडाओरड नाही, काही नाही. एकच प्रश्न: “सही तिची हाय का नाही, एवढंच सांगा साहेब.” ‘तपास चालू आहे, चाचा,’ एवढंच मी म्हणायचो. त्यांच्यामागं त्यांचे नातेवाईक यायला लागले. बाईच्या बाजूनं तिच्या वस्तीतली माणसं यायला लागली. आठवडी बाजार तोंडावर होता. दोन्हीकडच्या रिकामटेकड्या पुढाऱ्यांनी कान टवकारले होते, आणि जमिनीच्या भांडणाला जातीधर्माचा रंग चढायला आमच्याकडं एक बाजार पुरतो. माझी काळजी आता एका बाईपुरती राहिली नव्हती.

अशात बाईंचे यजमान आणि तलाठ्यांचे एक पुढारी ठाण्यात आले. पुढारी हुशार. म्हणाले, “साहेब, बाईंचा जबाब पुन्हा घ्या. डोंगल एक-दोन डाव ऑपरेटरकडं राह्यला होता, असं त्या सांगतीन.” बाई मागं उभ्या होत्या. यजमान हात जोडून त्यांना म्हणाले, “म्हन ना बाप्पा एकदा. सगळ्यायचाच राह्यते ऑपरेटरकडं. तुयं काय जाते?”

“मंग हे ऑपरेटरले धरतीन,” बाई म्हणाल्या. “त्याचं लेकरू पाळण्यात हाय.”

“अवं, पन तू सुटशीन ना!”

“म्या देल्लाच नाही तं देल्ला कसा म्हनू?”

यजमान तिथंच रडायला लागले. मी जबाब बदलला नाही, कारण बदलायला काही नव्हतंच.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण गमतीनं वापरतो. मला ती आता माझ्या हातानं खरी करायची वेळ आली होती. मी पुन्हा त्या बाहेरगावच्या इसमाकडं वळलो, ज्यानं अंगठा दिला होता. त्याला चहा दिला आणि ओळखीच्या चौकशीचा रतीब लावला. अर्जनवीसाला ओळखतो? नाही. तलाठीबाईला? नाही. तिच्या ऑपरेटरला? नाही. कोतवालाला? नाही. नोंदणीच्या कारकुनाला? नाही. संगणक दुरुस्त करणाऱ्या इंजिनिअरला?

“...नाही.”

शब्द तोच. आवाजही तोच. फक्त तो ‘नाही’ किंचित उशिरा आला, आणि येण्याआधी त्याचा हात चहाच्या कपाकडं गेला. न्यायालयात याची कवडीची किंमत नाही, पण माझ्यासाठी एवढं पुष्कळ होतं.

तालुक्यातल्या सगळ्या तलाठी कार्यालयांचे संगणक बघायला एका कंत्राटदार कंपनीनं एक इंजिनिअर नेमला होता. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, कोणाचंही यंत्र बंद पडलं की मोटारसायकलवर हजर. मी त्याला संशयित म्हणून नाही, जाणकार म्हणून बोलावलं. “आम्हा अडाण्यांना जरा समजावून सांगा, डिजिटल सही म्हणजे काय.” त्यानं छान समजावलं. आणि शेवटी, मी विचारलेलं नसताना, म्हणाला, “सर, डोंगलची नक्कल होऊच शकत नाही. इम्पॉसिबल. बाईंशिवाय ही सही कोणीच करू शकत नाही.”

नक्कल होते का, हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

तोवर मी फक्त डोंगल जप्त करून मालखान्यात सीलबंद ठेवला होता. त्याच दिवशी बाईंच्या कार्यालयातला संगणकही पंचनामा करून उचलला आणि खास माणूस देऊन प्रयोगशाळेकडं पाठवला. तिथं एक तरुण तज्ज्ञ मॅडम होत्या. त्यांना फोन करून हात जोडले. फोनवर हात जोडलेले दिसत नाहीत, पण त्यांना ते कळलं असावं. म्हणाल्या, “बघते सर.”

मधले दिवस कसे गेले ते मलाच माहीत. फोन वाजला की साहेबांचा असेल म्हणून छातीत धस्स व्हायचं, आणि वाजला नाही की प्रयोगशाळा विसरली म्हणून. शेवटी साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं, की उद्या अटक झाली नाही तर तपास दुसऱ्याकडं जाईल. दुसऱ्याकडं जाणं म्हणजे अटक त्याच दिवशी. मी ठाण्याचं लिखाण करणाऱ्या अंमलदाराला, म्हणजे रायटरला, अटकेचे कागद करायला सांगितले. तो टाईप करत होता तेव्हाच मॅडमचा फोन आला.

“सर, संगणकात एक छोटा प्रोग्राम लपवलेला सापडला. पण गंमत अशी की तो काहीच चोरत नाही. पिन नाही, फाईल नाही.”

“मग करतो काय?”

“डोंगलनं प्रत्येक सही करायला किती वेळ घेतला, तेवढंच टिपून ठेवतो. अगदी बारीक मोजमाप.”

माझा धीर सुटला. वेळ टिपून कोणाचं काय वाकडं होणार? मॅडम म्हणाल्या, “सर, चक्कीवर कधी गेलात? आत न जाता, बाहेर उभं राहून नुसता आवाज ऐकला, चक्की किती वेळ चालली ते पाहिलं, तर दळण थोडं होतं की जास्त ते कळतं ना? डबा उघडावा लागत नाही. हे तसंच आहे.”

मग त्यांनी उलगडून सांगितलं. मला समजलं ते माझ्या शब्दांत सांगतो. डोंगल प्रत्येक सहीच्या वेळी एक गणित सोडवतो. त्यात तो गुप्त आकडा असतो आणि दर वेळी नव्यानं उचललेला दुसरा एक आकडा. अशी गणितं करणारं सॉफ्टवेअर कंपन्या बहुधा स्वतः लिहीत नाहीत. त्याचा तयार संच मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात, तोच आत बसवतात. या डोंगलमधल्या लायब्ररीत एक खोट होती. उचललेला आकडा लहान असला की गणित केसभर लवकर संपायचं. एका सहीवरून काही कळत नाही. पण हजारो सह्या आणि त्यांचे वेळ जमा केले, त्यातल्या लवकर संपलेल्या वेगळ्या काढल्या आणि उलटं गणित मांडलं, तर पोटातला गुप्त आकडा बाहेर काढता येतो. कुलूप फोडायचं नाही, किल्ली चोरायची नाही, फक्त कुलूप उघडायला लागणारा वेळ मोजत बसायचं. याला साइड चॅनल म्हणतात, म्हणजे पुढचं दार सोडून भलतीकडून झिरपणारी माहिती.

त्या अंगठावाल्याचा उशिरा आलेला ‘नाही’ माझ्या डोक्यात वाजला. जे मी आयुष्यभर माणसांशी केलं, ते कोणीतरी यंत्राशी केलं होतं! मी रायटरला म्हटलं, “थांब. टाईप करू नको.” आणि साहेबांना फोन लावला. त्यांना ते पटायला वेळ लागला, पण इंजिनिअरच्या घराची झडती घ्यायला त्यांनी हरकत घेतली नाही.

पंचांसमक्ष त्याचा लॅपटॉप जप्त झाला आणि प्रयोगशाळेत गेला. मॅडमनी मला आणि हवालदारांना बोलावून घेतलं. लॅपटॉपमध्ये एक लांबलचक आकडा सापडला होता. तो वापरून त्यांनी एका कोऱ्या फाईलवर सही केली. पडद्यावर हिरवी खूण आली आणि खाली बाईंचं पूर्ण नाव. डोंगल त्या वेळी आमच्या मालखान्यात कुलपात सीलबंद होता. हवालदारांनी नकळत गळ्यातल्या ताईताला हात लावला. “साहेब, हे तं भुताटकी झाली,” ते म्हणाले. मला हसू आलं नाही. माझ्याही अंगावर काटा आला होता.

इंजिनिअर चौकशीत फार टिकला नाही. त्याला मारझोड करावी लागली नाही, आवाजही चढवावा लागला नाही. लॅपटॉपमधला आकडा समोर ठेवला आणि गप्प बसलो. शांतता त्याला सोसवेना. पण तो जे बोलला ते ऐकून मला त्याचा राग यावा की आपल्या सगळ्यांचा, तेच कळेना.

“सर, मी सांगितलं होतं. ही खोट ज्यांना सापडली त्यांनी ती जाहीर केली होती, दुरुस्तीही काढली होती. मी वर कळवलं. सगळ्या तलाठ्यांना डोंगल घेऊन एक दिवस बोलवा, दुरुस्ती करून देतो म्हटलं. ते म्हणाले, पीकविम्याची गर्दी होऊन जाऊ द्या. मग म्हणाले, बाजाराचा दिवस आहे. मग म्हणाले, चालून राह्यलं ना, मंग कायले हात लावतं बे? कोणी ऐकलंच नाही. मला वाटलं, खरंच होते का ते करून तर पाहू.”

“आणि झालं.”

“झालं सर. पीकविम्याच्या दिवसांत सह्यांचा पाऊस पडला होता. आकडा निघाला त्या दिवशी मलाच भीती वाटली.”

“मग थांबला का नाहीस?”

इथं त्यानं वेळ लावला. जमिनीचे व्यवहार करणारा एक दलाल त्याच्या ओळखीचा होता. खोटा मालक त्यानं उभा केला, खोटा सातबारा यानं बनवला, पुढचं वाचकांना कळलंच असेल. दलालालाही आम्ही दोन दिवसांत धरलं.

पण माझा एक प्रश्न राहिला होता. “तालुक्यात सगळ्यांचे डोंगल खिळ्याला टांगलेले. पिन चिकटवलेले. नुसता हात लांब करायचा होता. एवढं गणित करून बाईंच्याच मागं का लागलास?”

तो माझ्याकडं असा बघत राहिला जणू मीच बावळट. “सर, त्या बाकीच्या सह्यांवर कोण विश्वास ठेवते? नोंदणीवाले दहा वेळा फोन करून विचारतात. बाईंची सही असली की कोणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे, बाई डोंगल कोणाला देत नाहीत.”

हे ऐकून मी उठून बाहेर व्हरांड्यात गेलो. चाचा तिथंच बसले होते. मी त्यांना म्हटलं, “चाचा, सही तिची आहे, पण तिनं केलेली नाही.” त्यांना ते समजायला अर्धा तास लागला. समजल्यावर म्हणाले, “मंग तिचीबी चोरी झाली म्हना ना!” एवढ्या सोप्या शब्दांत मला ते कधी सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंच्या घरी लसणाची जुडी पाठवली. बाजार शांततेत पार पडला.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. साक्षीला गेलो. बाईंची साक्ष त्याच दिवशी होती. आरोपीच्या वकिलांनी सगळा जोर एकाच ठिकाणी लावला. डोंगल तुम्ही एकदा तरी कोणाला दिला असेल? आजारपणात? सणावाराला? घाईत? मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि बाकावर पुढं सरकलो होतो. कारण वकिलांना जे हवं होतं ते आता माझ्या लक्षात आलं. बाई फक्त एकदा ‘हो, दिला होता’ म्हणाल्या असत्या, तर ‘सही कोणीही केली असेल’ म्हणत इंजिनिअर निसटायची वाट झाली असती. प्रयोगशाळेचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं होतं: डोंगल बाईंच्या गळ्यातून कधी उतरला नाही. यजमानांनी ज्या एका वाक्यासाठी हात जोडले होते, ते वाक्य त्या दिवशी ठाण्यात बोललं गेलं असतं, तर बाई सुटल्या असत्या, गरीब ऑपरेटर आत गेला असता आणि खरा चोर आपली पुढची सही करायला मोकळा राहिला असता.

बाई म्हणाल्या, “नाही. एकदाबी नाही.” वकील खाली बसले.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, पुरावा जेव्हा एकाच माणसाकडं बोट दाखवतो, तेव्हा तो माणूस दोषी असेल, किंवा त्या गावात तो एकटाच नियमानं वागणारा असेल. या दोन गोष्टी कागदावर हुबेहूब सारख्या दिसतात. यंत्र खोटं बोलत नाही हे खरं, पण त्याच्या अंगातून काय काय झिरपतं हे त्याच्या मालकाला ठाऊक नसतं. आणि दुरुस्तीचा निरोप आला की बाजाराचा दिवस बघू नका. हे सगळं मी सांगतो आणि ते लिहून घेतात. एक गोष्ट मात्र मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

साक्ष संपल्यावर न्यायालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आभार मानतील. त्यांनी विचारलं, “साहेब, एक खरं सांगा. प्रयोगशाळेचा फोन आला नसता, तं तुमी मले अटक केली असती काय?”

माझ्याकडं उत्तर तयार होतं. ‘छे, बाई, माझा तुमच्यावर विश्वास होता’ असं म्हणायचं, दोघांनीही बरं वाटून घ्यायचं आणि चहा प्यायचा. विश्वास तर होताच, ते खोटंही नव्हतं. पण त्या बाईसमोर उभं राहून ते माझ्या तोंडातून निघेना.

“हो,” मी म्हणालो. “दुसऱ्या दिवशी सकाळी. मला ठाऊक होतं तुम्ही निर्दोष आहात, तरी केली असती.”

त्यांनी मान हलवली. राग नव्हता, नवलही नव्हतं. “मले वाटलंच,” म्हणाल्या. मग गळ्यातली नव्या डोंगलची दोरी पदराखाली सारखी केली, माझ्याही चहाचे पैसे टपरीवाल्याला दिले आणि बस पकडायला निघाल्या. कार्यालयात लोक सह्यांसाठी थांबले होते.